झुंबरआत्या आणि माश्यांवरची बुरशी

आमची झुंबरआत्या भित्री होती, आणि ते ती लपवतही नसे. पाल चुकचुकली तरी ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. अशा बाईनं आपण होऊन मळ्यात बुरशी पसरवली, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

सन बेचाळीसच्या सुमाराची गोष्ट. पुणतांब्याला गोदावरीकाठी आत्याचा काकडीचा मळा होता. आदल्या साली माशीनं तो पार नासवला. माशी कोवळ्या काकडीला डंख मारून आत अंडी घालायची, आणि काकडी कापावी तर आत अळ्या वळवळायच्या. त्या पावसाळ्यात मात्र विहिरीलगतच्या वेलांवर काकडी निर्मळ निघाली. आत्यानं पान उलटून पाहिलं. माश्या पंख पसरून पानाला चिकटून मेल्या होत्या, आणि त्यांच्या अंगातून पांढरी बुरशी फुटली होती. तिनं पान झटकन सोडून दिलं. पण इथं मेल्या तर तिकडंही मरतील, असं म्हणून तिनं ती पानं खुडली, ओल्या फडक्यात नेली आणि बाकीच्या वेलांत खोचली. माश्या तिकडंही तशाच मेल्या. काकड्यांनी वेल लगडले.

आणि नेमकी तेव्हाच तिची लेक रतन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आल्या आल्या म्हणाली, "आये, काकडी दे. लई खावीशी वाटती."

आत्याला पानामागच्या माश्या आठवल्या. जी बुरशी जित्या माशीचं अंग फोडून बाहेर येते, ती पोटातल्या जिवाला सोडेल?

"कडू हाय यंदाची," ती कशीबशी म्हणाली.

तिनं नवऱ्याला, रंगनाथमामांना, सगळं सांगितलं. ते हसले. "धुऊन दे की."

"लोनच्याला आलेली बुरशी धुऊन जाती व्हय? बरनीच टाकावी लागती."

मामांनाही ते पटलं. बाहेर कुणाला विचारावं, तर गावभर बभ्रा. रतन रोज मागायची, आत्या रोज नवं खोटं बोलायची. शेवटी एका सकाळी तिनं मेलेल्या माश्यांखालचीच काकडी तोडली आणि न धुता, सालीसकट खाल्ली. मग भाकरी थापता थापता दिवसभर तळहात निरखत राहिली. पीठ चिकटलेलं दिसलं तरी दचकायची. जन्मभर मरणाला भ्यालेली बाई त्या दिवशी त्याची वाट पाहत होती.

आठवडा गेला, काही झालं नाही. तेव्हा तिनं एक काकडी घासून घासून धुतली, मीठ लावलं आणि रतनपुढं धरली.

रतननं मान खाली घातली. "आये, रागावू नगं. आल्यापासून रोज चोरून खाती मी."

आत्यानं हातातली काकडी खाली ठेवली. मग लेकीजवळ सरकून तिनं पोटाला कान लावला. रतनला हसू आलं, तर आत्या ओरडली, "गप! हलू नगं!" कितीतरी वेळ ती तशीच ऐकत राहिली. मग आतून लाथ बसली, थेट तिच्या कानशिलावर.

आत्यानं रतनच्या पाठीत एक धपाटा घातला आणि हमसून हमसून रडली. तरीही बाळंत होईपर्यंत रतनला तिनं मळ्याकडं फिरकू दिलं नाही.