चुकीचं सांगणाऱ्या अक्का

मथुराअक्का पहिल्याच भेटीत माझ्याबद्दल तीन गोष्टी चुकीच्या बोलल्या. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका सरकारी दवाखान्यात मी केस पेपर लिहिणारा कारकून म्हणून रुजू झालो होतो. खिडकीपाशी खुर्ची पुसत होतो. फिनेलची बादली खाली ठेवून अक्का सिस्टरना म्हणाल्या, "हे नवीन कारकून भाऊ. चोपड्याचे शेतस."

"नाही, पाचोऱ्याचा," मी म्हणालो.

"हां, पाचोऱ्याचे. बायको-लेकरं मागून येतील."

"लग्न नाही झालेलं. घरी आईच आहे फक्त."

"आईचं काय, दुसऱ्या पोराजवळ सुखात असंल ती."

"दुसरा मुलगा नाही हो तिला. एकटीच आहे. डोळ्यांनी कमी दिसतं."

कॉलेजच्या तीन वर्षांत खोलीतल्या सोबत्यालाही मी आईच्या डोळ्यांबद्दल सांगितलं नव्हतं. मी फारसा बोलणारा माणूस नाही. अक्कांनी बादली उचलली. "मग शनवारी दुपारच्या गाडीनं निघत जा. साहेबाले मी सांगी ठेवस," म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत गेल्या.

त्या तिथल्या आया होत्या. माहेर भडगावकडचं, म्हणून बोलण्यात अहिराणी. तीस वर्षं दवाखान्यात काढलेली, म्हणून अधूनमधून साहेबी मराठी. शाळा पाहिलेली नव्हती. अक्का कधीच कुणाला प्रश्न विचारत नाहीत, हे लक्षात यायला मला सहा महिने लागले.

आमच्याकडे डोंगरातून पावरा आदिवासी मजूर यायचे. खालच्या गावांतून केळी-कापसावर राबणारी माणसं यायची. खुर्चीवर बसलेल्या माणसानं काहीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे : हौ. पोट दुखतं? हौ. आता दुखत नाही ना? हौ. गोळ्या घेतल्या? हौ. त्यात खोटेपणा नव्हता. तलाठी, कंडक्टर, डॉक्टर यांच्यापुढे वागायची ती एक रीत होती. मोठ्या माणसाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही आणि लवकर सुटायचं. आम्ही मात्र तो हौ खरा धरून कागदावर उतरवत होतो.

एकदा मी अक्कांना त्यांच्या पद्धतीबद्दल विचारलं. त्या हसल्या. "खुर्चीवाल्यानं इचारलं का माणूस हौ म्हणस आन् सुटस. चुकीचं बोललं का त्याले राहवत नही. सगळा असाच शेतस, भाऊ, तुमीबी." मग म्हणाल्या, "आन् बोलल्यावर त्याच्या तोंडाकडं पाहू नही. आपलं काम करत राहावं."

गेल्या महिन्यात धुळ्याहून त्यांच्या मुलीचं पोस्टकार्ड आलं. निवृत्तीनंतर अक्का तिच्याकडेच होत्या. चार ओळींचं कार्ड होतं, आई गेली म्हणून. ते हातात घेऊन बसलो आणि एका दुपारची आठवण झाली. ती लिहून ठेवावी असं तेव्हापासून मनात आहे.

ऑक्टोबर होता. कपाशीवर फवारणी चालू होती. एक शेतकरी आबा आपल्या पावरा सालदाराला बैलगाडीत घालून घेऊन आले. सालदार म्हणजे वर्षभराच्या बोलीवर राहिलेला गडी. तो तिशीतला असेल. घामानं निथळत होता, हातपाय थरथरत होते. आबांनीच माहिती दिली. नाव मगन. "ऊन लागलं त्याले, साहेब. दुसरं काही नही."

मी नियमाप्रमाणे रोग्यालाही विचारलं, "ऊन लागलं ना?"

"हौ," तो म्हणाला.

मी लिहिलं : ऊन लागणे. डॉक्टर एका अडलेल्या बाळंतपणात गुंतले होते. सिस्टरनं दारातूनच कागद दाखवला, त्यांनी आतूनच सांगितलं, "सलाईन लावा, आलोच मी." सगळं कसं शिस्तीत झालं होतं.

अक्का त्याचं तोंड पुसायला गेल्या आणि फडकं हातात धरून क्षणभर थांबल्या. लाळ थांबत नव्हती. त्यांनी मागे वळून पाहिलं. "आबा, याले नारळपाणी लागी. एष्टी स्टँडवर भेटस. तुमीच जा, दुसरं कोणी चांगलं पाहून आणणार नही."

आबा गेले. अक्का खाटेपाशी जमिनीवर बसल्या, कापसाचे बोळे करू लागल्या आणि माझ्याशी बोलावं तशा बोलल्या, "काय सांगू भाऊ, केळीच्या बागेत पाणी भरत व्हता बिचारा. ऊन लागलं."

अक्कांचे दोन-तीन बोळे करून झाले. मग खाटेवरून आवाज आला. "केळी नाय. कपाशी."

"हां, कपाशी निंदत व्हता."

"निंदत नाय. फवारत."

मी हातातल्या कागदाकडे पाहिलं. अक्कांनी बोळा वळला, दुसरा घेतला. "मालकाचा पंप नवा शे. चांगला शे."

"जुना. गळतो." त्यानं हात मागे नेण्याचा प्रयत्न केला. "पाठीवर सारा."

"घडीभरच गळला असंल."

"नाय. सकाळपासून."

एवढंच. पाच मिनिटंही झाली नसतील, आणि त्यात प्रश्न एकही नव्हता. अक्का उठल्या त्या पळतच. बाळंतपणाच्या खोलीचं दार त्यांनी सरळ ढकललं. "साहेब, फवारणीचं औषध शे. पाठीतून गेलं. सकाळपासून." बाळाचं रडणं नुकतंच सुरू झालं होतं. डॉक्टर हातमोजे काढतच धावत आले, बॅटरीनं त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि माझ्या कागदाकडे न बघता इंजेक्शन मागितलं. अक्कांनी त्याचा शर्ट कापून काढला. साबण आणि पाणी घेऊन आम्ही दोघांनी त्याची पाठ तीन-तीनदा धुतली. शर्टाला औषधाचा वास होता. खिडकीच्या अलीकडे बसलेल्या मला तो आला नव्हता.

आबा नारळ घेऊन परतले ते दारातच थबकले. आता अक्का त्यांना फाडून खाणार, असं मला वाटलं. खरं म्हणजे माझीच तशी इच्छा होती. म्हणजे माझ्या कागदाचं ओझं आबांवर गेलं असतं. अक्का म्हणाल्या, "बरं झालं आबा, पडल्या पडल्या आणलं तुमी त्याले."

आबांनी नारळ खाली ठेवला. "पडल्या पडल्या कुठं, अक्का. सकाळी दहालाच ओकला तो. मी म्हटलं, बस सावलीत. पोलिसाचं लफडं होईल म्हणून भ्यायलो." ते भिंतीला टेकून खाली बसले. नेमकी वेळ डॉक्टरांना हवीच होती. ती अशी मिळाली.

दिवस मावळेपर्यंत डॉक्टर खाटेपासून हलले नाहीत. तो वाचेल की नाही हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. मी खिडकीत बसून त्या दोन शब्दांकडे पाहत होतो. मी विचारलं होतं, त्यानं सांगितलं होतं, मी लिहिलं होतं. यात माझी चूक कुणालाच दाखवता आली नसती. अक्का चहाचा कप ठेवून गेल्या.

तो वाचला. चौथ्या दिवशी उठून भिंतीला टेकून बसला आणि अक्कांनी दिलेली पेज प्यायला. घरी सोडायचं कार्ड भरायला मी गेलो तेव्हा खुर्ची तिथेच सोडली आणि खाटेपाशी जमिनीवर बसलो. मला अक्कांसारखं मुद्दाम चुकवता येत नव्हतं, तेवढी हुशारी माझ्यात नाही. मी फक्त जे लिहिलेलं होतं ते मोठ्यानं वाचलं. "नाव, मगन." आणि पेनात शाई भरत बसलो. त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मगन नाय," तो म्हणाला. "गुलसिंग."

अक्का पलीकडच्या खाटेवर चादर घालत होत्या. त्यांचे हात थांबले. चार दिवस त्याही त्याला मगनच म्हणत होत्या.

"मगन आधीचा गडी," तो सांगत होता. "तो गेला. आबा मलाबी मगन म्हणतो. तीन कापूस झाले."

अक्का चादर तशीच टाकून आल्या आणि माझ्या शेजारी खाली बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर असं आश्चर्य मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. "माले ठाऊक नव्हतं, भाऊ," त्या म्हणाल्या. मला की त्याला, कळलं नाही.

मी मगन खोडलं, वर गुलसिंग लिहिलं. आता थांबायला हरकत नव्हती, पण तो थांबेना. बायकोचं नाव सांगितलं, दोन मुलींची सांगितली, डोंगरातल्या पाड्याचं सांगितलं, वारलेल्या बापाचंही सांगितलं. आमच्यापैकी कुणीच काही विचारलेलं नव्हतं. या सगळ्याला कार्डावर रकाने नव्हते. मी कार्ड उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, तो सांगेल तसं, लिहीत गेलो.