टोकावड्याच्या बागेत झाडावर बसलेली माझी कोंबडी

अंडी उबवायला उसनी नेलेली खुडुक कोंबडी पिल्लं निघाली की परत करायची असते, बागेत झाडावर टांगायची नसते. एवढं माझ्या विहिणीला कळत नाय. हां, आता नमस्कार.

तुमी टोकावड्याला जाणार असाल तर आटगावहून शहापूरला शेअर रिक्षा, तिथनं मुरबाडची एसटी, मुरबाडला माळशेजकडची दुसरी. पंच्याहत्तरी उलटली असेल तर एसटी फुकट, पण आधार कार्ड दाखवा. कंडक्टर नुसत्या सुरकुत्यांवर विश्वास ठेवत नाय. धाब्यावर भजी खा, मिसळीच्या नादाला लागू नका. कोंबडी झाडावर बसवल्याचं लेकीने सासरहून कळवलं, म्हणून तिला आणायला मी रिकामी टोपली घेतली होती. टोपलीला सीट मिळाली, मला नाय.

बागेत पाखरांनी घरटी करावी म्हणून झाडाझाडाला लाकडी खोकी लावलीत. ती सांभाळायचं काम विहिणीच्या बचत गटाकडे. पाखरं उडाली की खोकं उतरवायचं, जुनं गवत काढायचं, मुंग्या झटकायच्या, उन्हात ठेवायचं. नाकाला पदर लावा, घाण वास येतो. घुबडासाठी केलेलं मोठं खोकं रिकामंच राही. घरी मुंगूस अंडी पळवतो म्हणून विहिणीने माझी कोंबडी अंड्यांसकट त्यात बसवली!

खाली पाटी: शांतता राखा. दुर्बिणी लावून चार माणसं उभी.

"विहीणबाय, उतरवा माझी कोंबडी."

"हळू गो! उठंल ती."

"माझ्या अंगणात लग्नाचा बँड वाजला, तवा उठली नाय."

राखणदार धावत आला. "आजी, खोक्यात अंड्यावर बसलेलं पाखरू उठवायचं नाय. नियम हाय."

"ही कोंबडी हाय रे!"

"नियमात कोंबडी सोडून असं लिवलं नाय."

दुर्बीणवाली बाई कुजबुजली, "आम्हाला माहितीये कोंबडी आहे. पण बसते किती छान!"

शेजारच्या छोट्या खोक्यात दयाळ पक्षी चोचीतून अळ्या आणत होता. त्याच्याकडे कोणी बघेना. मी दुर्बीण मागून घेतली. कोंबडीने मला बघून तोंड फिरवलं.

मी विचारलं, "पिल्लं निघाल्यावर उतरवणार कोण?"

राखणदार म्हणाला, "घुबडाची पिल्लं आपली आपण येतात."

"कोंबडीची पडतात."

यावर त्याच्याकडे नियम नव्हता. शेवटी विहिणीची जुनी नऊवारी झोळीसारखी खाली बांधली आणि नवी पाटी लागली: इथे पिल्लं पडतील. गाठी मी स्वतः ओढून बघितल्या. एक ढिली निघाली. ती विहिणीने मारलेली.

घरी आले, टोपली रिकामी. दयाळ फुकट बघायला मिळाला, तेवढाच फायदा. सकाळी सवयीने अंगणात दाणे टाकले, चिमण्यांनी फस्त केले.

कोंबडी माझी, अंडी विहिणीची, म्हणून अर्धी पिल्लं माझी, असं ठरलंय. एक जरी कमी भरलं तर उत्तर विहिणीने द्यायचं, माझ्या ओट्यावर येऊन, तोंडाने. लेकीने मधे बोलायचं नाय, आणि नियम सांगायला राखणदाराला पाठवायचं नाय.