राणोजी थोरला की गोंदाजी?

तहसीलदारांच्या टेबलावर दोन वंशावळी पडल्या होत्या. दोन्ही एकाच घराण्याच्या, आणि त्यातली एक नक्की खोटी. पहिलीत सटवाजीचा थोरला मुलगा राणोजी आणि धाकटा गोंदाजी होता. दुसरीत थोरला गोंदाजी आणि धाकटा राणोजी.

"इंगळे," साहेब म्हणाले, "यातला थोरला कोण, ते मला पोळ्याच्या आत पाहिजे."

मी तेव्हा मेहकरच्या कचेरीत रेकॉर्ड किपर होतो. रेकॉर्ड किपर म्हणजे जुन्या कागदांचा राखणदार. कोणाला नक्कल हवी असली की गठ्ठा सोडायचा, धूळ झटकायची, पोटभर शिंकायचं आणि पान सापडलं तर खऱ्या नकलेचा शिक्का मारायचा. मला मोडी वाचता येत होतं. साहेब पुण्याकडचे. मोडी येतं म्हणजे मेलेल्या माणसांशी माझी रोजची बोलचाल आहे, असा त्यांचा समज झाला होता.

प्रकरण असं होतं. महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि वंशपरंपरेच्या पाटीलक्या नुकत्याच बंद झाल्या होत्या. डोणगावच्या बाजूला एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण दोन्ही घरांची नातवंडं आता वाचतात. तिथे शेळक्यांची पाटीलकी होती. पोळ्याला सगळ्या गावाचे बैल आंब्याच्या पानांच्या तोरणाखालून जातात, आणि पाटलाची जोडी सगळ्यात आधी. पाटीलकी गेली, पण तोरण राहिलं. मग आधी जोडी कोणाची? शेळक्यांची घरं दोन. राणोजीच्या घरचा रामभाऊ म्हणाला, आमची. गोंदाजीच्या घरचा पुंजाजी म्हणाला, आमची. थोरल्या भावाच्या घराचा मान, यावर दोघांचं एकमत होतं. भांडण फक्त थोरला कोण, एवढ्यावरच होतं.

आदल्या वर्षी दोन्ही जोड्या तोरणाशी एकदमच येऊन भिडल्या आणि कोणी मागे सरेना. शिंगांना बेगड, अंगावर झुली, असे गावभरचे बैल मागे ताटकळले. दिवेलागणीला दोन डोकी फुटली आणि सगळे बैल तोरणाखालून न जाताच घरोघर परतले. बायका पूजेची ताटं घेऊन दारात तशाच उभ्या. गावाने हे फार मनाला लावून घेतलं. पुढे वर्षभर कपाशीवर कीड पडली ती तोरणामुळे, आणि चांगल्या मास्तरांची बदली झाली तीही तोरणामुळेच. दोन घरांमध्ये एक अरुंद गल्ली होती, तेवढी ओलांडणंसुद्धा बंद झालं. यंदा तसंच होणार असेल तर पोळाच भरू द्यायचा नाही, असं साहेबांनी ठरवलं होतं.

"मान कायद्यात बसत नाही, इंगळे," ते म्हणाले. "पण डोकी फोडणं बसतं."

दोन्ही पक्षांनी माझं नाव लगेच मान्य केलं. त्या मानाच्या रांगेत आमच्या घरचं कोणी सात पिढ्यांत उभं नव्हतं, त्यामुळे माझ्यावर पक्षपाताचा संशय घ्यायला जागाच नव्हती. नोकरीत जातीचा एवढा फायदा मला पहिल्यांदाच झाला.

मी आधी इंग्रजांच्या पहिल्या बंदोबस्ताचे कागद काढले. बंदोबस्त म्हणजे शेतं मोजायची, कोणतं कोणाचं ते लिहायचं आणि सारा ठरवायचा. एका शेतावर लिहिलं होतं, 'राणोजी व गोंदाजी वल्द सटवाजी'. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा. रामभाऊने टेबलावर थाप मारली. आधी नाव राणोजीचं, म्हणजे थोरला तोच. मी पान उलटलं. शेजारच्या शेतावर 'गोंदाजी व राणोजी वल्द सटवाजी'. आता थाप पुंजाजीची. मी दोघांना बाहेर बसवलं. मोजणीच्या दिवशी बांधावर जो आधी पोचला, त्याचं नाव आधी पडलं असणार. बांधावर थोरलाच आधी पोचतो, असा काही नियम नाही.

पुढची पंचाईत नावांची. या घराण्यात नातवाला आज्याचं नाव ठेवायची रीत. त्यामुळे गोंदाजी वल्द सटवाजी, त्याचा मुलगा सटवाजी वल्द गोंदाजी, त्याचा पुन्हा गोंदाजी. खाली उतरावं तसे तेच दोघे परत भेटायचे. मी टेबलावर चिंचोके मांडले, एका माणसाला एक. दुपारी चपराशाने टेबल पुसलं आणि शेळक्यांच्या तीन पिढ्या केरात गेल्या.

तिसरा कागद कोतवाल बुक. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते कोतवालाने सांगायचं आणि वहीत लिहून घ्यायचं, ती ही वही. दोघा भावांचे जन्म तिच्यात सापडणार नव्हते, ते तिच्या फार आधीचे. पण मृत्यू सापडले. आधी राणोजी गेला, वय अंदाजे ऐंशी. त्यानंतर काही वर्षांनी गोंदाजी गेला, वय अंदाजे ऐंशी.

रामभाऊने बाहेरूनच हिशोब केला. आधी ऐंशीचा झाला तो थोरला. साहेबही खूश झाले. "झालं की, इंगळे. लिहून टाका."

मी लिहिलं नाही. माझे आजोबा दुसऱ्या एका गावचे कोतवाल होते. म्हातारं माणूस गेलं आणि वय विचारलं की ते म्हणायचे, "असंन ऐंशी." मी वहीची मागची-पुढची पानं चाळली. त्या गावात म्हातारा झालेला प्रत्येक जण ऐंशीचा होऊनच मेला होता. यम जणू आकडा धरून यायचा.

"मग आता?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, कागद संपले. आता माणसं पाहतो."

त्याच वहीत मला राणोजीची बायको भागाई सापडली होती. ती नवऱ्यामागे बरीच वर्षं जगली. तिच्या म्हातारपणी त्या घरात एखादी सून आली असणार, आणि ती आज हयात असू शकते. मी रामभाऊला विचारलं. तो म्हणाला, "माही माय हाय ना, गयाबाई. भागाई तिची आजेसासू. पन तिले काय माईत, बाबूजी? थे तं शिकेल नाई."

मी मोटारीने डोणगावला उतरलो, तर स्टँडवर दोन बैलगाड्या उभ्या. एक रामभाऊची, एक पुंजाजीची. कोणाच्याही गाडीत बसलो असतो तर तपास तिथेच बुडाला असता. मग मी गावापर्यंत पायी गेलो आणि माझ्या मागे दोन रिकाम्या गाड्या चालत आल्या. रस्त्यातल्या लोकांना वाटलं, बाबूची काहीतरी मोठी मिरवणूक आहे.

गयाबाई वसरीवर, म्हणजे पुढच्या पडवीत, बाजेवर बसली होती. अंगाने काटकी, पण आवाज खणखणीत. समोर गल्ली आणि गल्लीपलीकडे पुंजाजीच्या घरची वसरी. तिथेही एक म्हातारी बसलेली, पुंजाजीची आई सोनाबाई. दोघी एकमेकींकडे पाहत होत्या आणि बोलत नव्हत्या.

मी सरळच विचारलं, दोघा भावांत थोरला कोण. तिने मुलाकडे पाहिलं आणि सारेच राणोजीला थोरला म्हणतात, असं सांगितलं. रामभाऊ माझ्याकडे पाहून मान हलवू लागला. मी वही मिटली. असा सरळ प्रश्न विचारला की माणूस घरात ठरलेलं उत्तर देतो, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं. मग मी नुसतंच विचारलं, की तुम्ही नवरी होऊन आलात तेव्हा घरात कोण कोण होतं?

ती खुलली. राणोजी तेव्हा गेलेला होता. भागाई होती, तोंडात एक दात नाही, पण सुनांवर वचक. पलीकडच्या घरी गोंदाजी होता, पार थकलेला आणि दोन्ही डोळ्यांनी आंधळा.

"रोज सकाळी त्याइले हाताले धरून ऊन खायले बाहीर आनत," गयाबाई म्हणाली. "आमची बुढी याच बाजीवर बसेल राहे. गल्लीत काठी वाजली का थे उठे. गुडघे धरून उठे, डोक्शावर पदर घे अन् मधात जाये. एक दिवस म्या इचारलं, आजी, त्याइले तं काईच दिसत नाई, मंग तुमी काऊन उठता?"

"मग?"

"थे म्हने, त्याइले नाई दिसत, मले तं दिसते."

मी हसलो. मग हसू तोंडातच राहिलं. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर धाकट्या भावाची बायको बाजेवर बसत नाही. पदर घेते, वाट सोडते, आत जाते. दीर असेल, म्हणजे धाकटा असेल, तर यातलं काही नाही. त्याची थट्टा करायची, त्याला हाक मारून पाणी आणायला पिटाळायचं. तोंडाचं बोळकं झालेली भागाई एका आंधळ्या म्हाताऱ्यासाठी रोज गुडघे धरून उठत होती. तो दीर असता तर ती बाजेवरची हललीही नसती.

म्हणजे गोंदाजी थोरला. पुंजाजीचं घर थोरलं, आणि हे सांगितलं कोणी, तर रामभाऊच्या आईने.

रामभाऊलाही तेव्हाच कळलं. तो आईजवळ येऊन उकिडवा बसला.

"माय, हे आधी काऊन नाई सांगितलं?"

"तू कवा पुसलं? तू तं कागदं पाहून राह्यला."

रामभाऊ माझ्याकडे वळला. "बाबूजी, हे नका लिहू."

त्याचा चेहरा उतरला होता आणि मला त्याची खरोखर दया आली. वर्षभर तो या मानासाठी भांडला होता, आदल्या वर्षी फुटलेलं एक डोकं त्याचंच होतं. मी पेन खिशात ठेवलं आणि गयाबाईला म्हटलं, "तुम्ही सांगाल तसं करतो, आजी."

तिने पलीकडच्या वसरीकडे पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली. "वरीस झालं, सोनीच्या वसरीवर पाय नाई ठेवला म्या. आमच्या वक्ताच्या दोघीच उरलो. तुमी मान घेऊन बसान, मी कोनाशी बोलू?"

मला गहिवरून आलं आणि मी धुळीचं निमित्त करून शिंकलो. शेवटी रामभाऊ उठला, धोतर झटकलं आणि म्हणाला, "लिहा, बाबूजी. माय म्हनते तसं लिहा."

मेहकरला परतून मी रिपोर्ट दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"इंगळे, पुरावा काय? 'बाई बाजेवरून उठली'? हे मी फाइलला लावू?"

"लावा, साहेब. ती रोज उठली, आणि समोरच्याला दिसत नसताना उठली. कोतवाल बुकापेक्षा हे पक्कं आहे."

साहेबांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "आणि दीर असता तर?"

"तर त्यालाच उठवलं असतं."

साहेब हसले आणि त्यांनी सही केली. दोन्ही घरांना बोलावून त्यांनी रिपोर्ट वाचून दाखवला. पुंजाजीला वाटलं होतं, रामभाऊ उठून जाईल. रामभाऊ बसून राहिला. त्याने एवढंच सांगितलं, की मायने म्हटलंय, विषय संपला.

पोळ्याला दोन्ही घरांनी मला बोलावलं. या वेळीही मी पायीच गेलो. तोरण बांधलं होतं, वाजंत्री लागली होती, साहेबांनी पाठवलेले दोन पोलीस झाडाखाली बसून होते. पुंजाजीची जोडी सगळ्यात पुढे. पुंजाजीने नवा फेटा बांधला होता. जोडी तोरणाखाली पोचली आणि डावीकडचा बैल थांबला. त्याने मान वर केली, आंब्याची पानं हुंगली आणि तोरण खायला सुरुवात केली.

पुंजाजीने कासरा ओढला, चुचकारलं, शिवी दिली. बैल खातच राहिला. मागे गावभरचे बैल पुन्हा ताटकळले. दिवेलागण होत आली आणि लोक गप्प झाले. आदलं वर्ष सगळ्यांना आठवत होतं. पोलीस उठून उभे राहिले. तेवढ्यात मागच्या जोडीपासून रामभाऊ चालत पुढे आला. पुंजाजी त्याच्याकडे पाहतच राहिला. रामभाऊने फुटक्या डोक्यावरची टोपी सारखी केली, वाकला आणि त्या बैलाची शेपटी मुरगळली. बैल तोंडात तोरणाचा तुकडा घेऊन पलीकडे उडाला आणि त्याच्या मागे नवा फेटा. अख्खा गाव हसला. सगळ्यात मोठ्याने पुंजाजी हसला.

मी गल्लीकडे आलो. गयाबाई सोनाबाईच्या वसरीवर आधीच जाऊन बसली होती. सोनाबाई तिला ऐकवत होती, "आता आमचं घर थोरलं. आता तू माह्या पाया पडत जाय."

"पडीन," गयाबाई म्हणाली. "आधी चहा ठेव. वरसाचा राह्यला हाय."

त्यानंतर पुष्कळ वंशावळी माझ्या हातून गेल्या. पण एक सवय तेव्हापासून लागली. गठ्ठा सोडण्याआधी मी विचारतो, की घरातली सगळ्यात म्हातारी बाई कोण, आणि ती कोणाला पाहून उठायची. निदान तेवढी धूळ तरी नाकात जात नाही.