एका दिव्याची एकाहत्तर युनिटं

वीज ऑफिसात पाच-सात वर्षं काढली की किस्से मीटरच्या आकड्यांसारखे साठत जातात. पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. आमच्या अंबरनाथच्या ऑफिसात चहाला किस्से निघाले की सगळ्यांत मोठ्याने मी हसायचो. कारण बहुतेकांत गाढव मीच असायचो, आणि आपणच आधी हसून घेतलं की लाज जरा कमी वाटते.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका कारखान्यातले अधिकारी बिल घेऊन आले. अगदी सरळमार्गी गृहस्थ. "अहो, माझ्या खोलीतला बल्ब शंभराचा, आणि बिलात बाराच युनिटं! बाकीची अठ्ठ्याऐंशी कुठे गेली?"

वॅट म्हणजे काय नि युनिट म्हणजे काय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं? मॅट्रिकला सायन्स होतं, एवढंच. मी तोऱ्यात म्हणालो, "काका, बल्बवाले आकडा वाढवूनच छापतात!" ते समाधानाने गेले आणि ही माहिती त्यांनी साऱ्या कॉलनीला दिली, वर माझं नाव सांगून!

मग विठ्ठलवाडीचं एक कुटुंब. "बिल फार येतं हो," म्हणाले. मी घरभर फिरलो. विजेच्या इस्त्रीवर साडेचारशे वॅट लिहिलेलं दिसलं. "हीच ती!" मी म्हणालो. बिचाऱ्यांनी इस्त्री ट्रंकेत घालून कुलूप लावलं आणि चुरगळलेल्या सदऱ्यांनी कचेरीत जाऊ लागले. बिल जवळजवळ तेवढंच! मोरीला खिडकी नव्हती, म्हणून तिथे चाळीसचा दिवा दिवसरात्र जळायचा. त्याच्याखाली उभं राहून मी हातपाय धुऊन आलो होतो.

हे कोडं मला उलगडून सांगितलं ते आमच्या लाइनमनने, गंगारामने. हेंद्रेपाड्याचा माणूस, शाळेची पायरी चढलेला नाही. म्हणाला, "सायेब, माजी बायको भात कांडते जोरात, पन घटकाभरात दमते. आय कांडते हलू, पन दिसभर. सांजच्याला तांदूल कोनाचा जास्त?"

"आईचा."

"मंग? इस्त्री म्हंजे बायको. मोरीतला दिवा म्हंजे आय."

झालं! जोर म्हणजे वॅट, कांडलेला तांदूळ म्हणजे युनिट. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट. लाज वाटली, पण डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुसऱ्या दिवसापासून हेच मी लोकांना माझं म्हणून सांगू लागलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. मी एक तक्ता केला. घरात दिवे किती, किती वॅटचे, गुणिले रोजचे चार तास. चारच का? तर आमच्या घरी दिवे सातला लागत नि अकराला मालवत! हेडक्लार्क अण्णांनी तो कौतुकाने भिंतीवर लावला. घरी बायकोला दाखवला, तर ती म्हणाली, "आणि पहाटे मी चुलीपाशी दिवा लावते, तो कुठल्या तासांत धरलात?" मी म्हणालो, "तुला नाही कळायचं ते."

त्या श्रावणात उल्हासनगरला, कॅम्प चारच्या एका बराकीत, देवीबाई नावाच्या सिंधी बाईंच्या मीटरवर महिन्याची एकाहत्तर युनिटं निघाली. घरात शंभरचा एकच बल्ब. तक्त्याप्रमाणे बारा. बाकीची एकोणसाठ कुठे गेली? शेजाऱ्यांना वायर टाकून देत असणार!

गंगारामला घेऊन भर दुपारी गेलो. बाहेर पाऊस कोसळत होता. त्यांच्या रीतीप्रमाणे बाईंनी आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा पेला पुढे केला. "अदा, पहले पानी पियो." भावाला अदा म्हणतात ते. पापड छान कुरकुरीत होता. तो खाऊन मी तोंड पुसलं आणि साऱ्या बराकीसमोर त्यांना चोर म्हणालो.

"अदा, बत्ती तो एक ही है," त्या एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. शेजारणी माना खाली घालून उभ्या होत्या. मी गंगारामला खांबावर चढवलं आणि लाइन तोडली.

आठ दिवसांनी चहाला हा किस्सा मी रंगवून सांगत होतो. सगळे हसले. गंगाराम हसला नाही.

"सायेब, तो दिवा भर दुपारी जलत व्हता. खाटेवर, दिव्याखाली, पापड सुकत घातले व्हते. इकून पोट भरते ती बाई. पावसात ऊन कुठनं आनायचं?"

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तुमी हिशोब करीत व्हतात."

कपाचा कान धरून मी मनात गुणाकार केला. शंभर वॅट, चोवीस तास, तीस दिवस. बहात्तर युनिटं. मीटरवर एकाहत्तर होती, म्हणजे बाईंनी मधे कधीतरी दिवा थोडा वेळ मालवलाही होता.

तसेच उठलो. गंगाराम लाइन जोडायला खांबावर चढला, मी बाईंच्या दारात उभा राहिलो. माफी कशी मागायची याची वाक्यं वाटेत जुळवली होती, त्यातलं एकही तोंडातून निघेना. आत खाटेवरच्या पापडांच्या चळतीला बुरशीचा वास येत होता.

बाईंनी मला पाहिलं. त्या आत गेल्या. बाहेर आल्या त्या ताटली आणि पेला घेऊन. मी पापड उचलला, तर तो बोटांत वाकला. तरी घास घेतला. कुर्रकन आवाज झाला नाही.

बाईंनी मान खाली घातली. "माफ करना, अदा," त्या म्हणाल्या. "आज पापड़ नरम है."