निळ्या दोरीचा नवस

दिलावरला राग आला की आधी कान लाल होतात, मग आवाज बारीक होतो. ओरडणारा माणूस परवडला बाई, पण हा बारीक आवाज नको. भोरच्या शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळं पोरांना ते कान पाठ आहेत. त्याची बायको यास्मिन तर म्हणते, "ह्यांच्या कानांकडं बघून मी आमटी करते. लाल असले की मिरची कमी."

आणि राग कशावर? आमटी अळणी झाली, चालतं. लाईट गेली, चालतं. पण रायरेश्वराच्या पठारावर सोनकी फुलली आणि फोटोसाठी कुणी त्या फुलांत लोळलं, की संपलं. एकदा एका नव्या नवरीला त्यानं फुलांतून उठवलं आणि बारीक आवाजात विचारलं, "तुमच्या मांडवात येऊन आमी असं लोळलो तर चालंल का?" नवरा तावातावानं भांडायला आला आणि कान बघून परत गेला.

डोंगराचे फोटो काढायचं हे खूळ कॉलेजपासूनचं. एका ढगासाठी तोरण्यासमोर सकाळपासून ठाण मांडायचं, ढग न्हाईच आला तर डबा खाऊन घरी यायचं. ह्या खुळात जोडीला शौनक. तोही भोरचाच, आता बँकेत साहेब. पहिला कॅमेरा दोघांत मिळून एक होता. एक आठवडा ह्याच्या घरी, एक त्याच्या. दोन बायकांचा दादला सुद्धा इतका इमानानं फिरत न्हाई.

वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या पोटात, वाघजाईची राई आहे, देवीच्या नावानं राखलेलं रान. आत जाताना चपला बाहेर. पडलेलं पान सुद्धा उचलायचं न्हाई. नवस बोलायचा तर फांदीला गाठ मारायची; दोऱ्याची, खणाच्या चिंधीची, गुरासाठी असंल तर दाव्याच्या तुकड्याची. नवस फिटला की ज्यानं बांधली त्यानंच येऊन सोडायची. परक्या हातानं सुटली तर नवस मोडला. राईची राखण साळूबाईंकडं, आणि त्यांच्यापुढं कुणाचं चालत न्हाई.

तिथल्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत दर उन्हाळ्यात धनेश पक्ष्यांची जोडी घर करते. मादी आत शिरून दार लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. पिल्लं मोठी होईतो नर बाहेरून फळं आणून भरवतो. बाळंतिणीची एवढी उठबस आपल्याकडं किती जण करतात ते विचारू नका. ढोलीपुढं शेजारच्या अंजनीच्या झाडाची एक पानांनी भरलेली फांदी आडवी होती. तिच्यामुळं फोटो कधी नीट यायचा न्हाई. दिलावरला त्याचं काही वाटायचं न्हाई. तो म्हणायचा, "पडदा आहे तो तिचा." ही जागा त्यानं एकट्या शौनकला दाखवली होती.

तर ह्या वैशाखात रविवारी तो राईत गेला आणि जागीच थांबला. ढोली लख्ख उन्हात उघडी. अंजनीची फांदी निळ्या नायलॉनच्या दोरीनं मागं ओढून दुसऱ्या झाडाला बांधलेली. नर समोरच्या उंबरावर, चोचीत फळ. ढोलीपर्यंत यायचा आणि बुजून माघारी फिरायचा. वर कावळे टपून बसलेले.

दोरी कुणाची, हे विचारायची गरज नव्हती. तिचा दुसरा अर्धा तुकडा दिलावरच्याच मोटरसायकलला होता. एकाच दोरीचे दोन तुकडे करून तो आणि शौनक कॅमेऱ्याच्या पिशव्या बांधायचे.

कान तापले. त्यानं गाठीकडं हात नेला.

"मास्तर, हात मागं," मागून साळूबाई म्हणाल्या.

"आजी, ही नवसाची न्हाई. फोटोसाठी बांधलीय."

"त्यानं सांगितलं तुमाला?"

"सांगायला कशाला पायजे? आत मादी उपाशी आहे."

"गेनूनं बैलासाठी बांधलेली गाठ अशीच कुणी सोडली. बैल गेला. गेनू अजून माझ्या दारात येऊन बसतो. ही कुणाची, काय मागून बांधली, मला ठावं न्हाई. म्हणून म्या सोडणार न्हाई आन तुमालाबी सोडू देणार न्हाई. ज्येची त्येनं."

म्हातारीला बाजूला सारून गाठ सोडणं काही अवघड नव्हतं. पण राईचा नियम मोडला म्हणून ज्याला मनातल्या मनात शिव्या घालत होता, त्याच्याच पंगतीत जाऊन कसं बसायचं? दिलावर चपला घालून निघाला.

घाटाच्या माथ्यावर रेंज आली. शौनक फोन उचलेना. पण त्याचं स्टेटस झळकत होतं. ढोलीतून बाहेर आलेली मादीची चोच, स्वच्छ, आणि खाली 'अखेर जमलं'. त्याच्या पुढच्या फोटोत पानशेतच्या हॉटेलातल्या तळलेल्या माशाचं ताट. कादवे घाट उतरताना दिलावर शौनकवर चिडला होता, त्याहून जास्त स्वतःवर. ह्या माणसाला राईची वाट आपणच दाखवली.

"ये ये, बस," शौनक म्हणाला. हॉटेलात त्याच्या टेबलाला पुण्याचे दोन पाहुणे होते. "फोटो बघितलास?"

"उठ."

"अरे, जेवू तर दे."

"तीही जेवायचीच थांबलीय. उठ."

शौनकचा घास हातातच राहिला. "फांदी कापली न्हाई रे. नुसती बांधली. निघताना सोडायची राहून गेली."

"नर बुजतो, माहीत न्हाई तुला?"

"माहीत आहे."

"तेच तर. माहीत नसतं तर सांगितलं असतं. आता काय सांगू?"

"सर, तुम्ही जरा जास्तच करताय," एक पाहुणा म्हणाला.

"तुमी मासा खा," दिलावर बारीक आवाजात म्हणाला. "काटे असतात, खाताना बोलू नये."

दोघं घाट चढून परत आले. राईच्या कडेला शौनकनं बूट काढले. तापलेल्या दगडांवरून तो चटके खात चालला. दिलावरनं वळून पाहिलं न्हाई.

साळूबाईंनी विचारलं, "काय मागितलं व्हतं आईला?"

शौनकनं दिलावरकडं पाहिलं. दिलावर डोंगराकडं बघत होता.

"फोटो चांगला यावा, असं," शौनक खालमानेनं म्हणाला.

"आला?"

"आला."

"मग फिटला तुजा. सोड."

त्यानं गाठ सोडली. फांदी सरसर पुढं आली आणि ढोली झाकली गेली. दोघं लांब, करवंदीच्या जाळीआड बसले. नर उंबरावर नव्हता. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या. मग पंखांचा जाड आवाज आला. पानांमागं काहीतरी हललं. फटीतून चोच बाहेर आली आणि फळ आत गेलं. परत एक. परत एक.

शौनकचा हात खिशाकडं गेला.

"मोबाईल राहू दे," दिलावर म्हणाला.

"डोळे पुसायला रुमाल काढतोय. चुकलं रे माझं."

"मला कशाला सांगतोस? उपाशी मी नव्हतो."

बाहेर येऊन दिलावरनं आपल्या मोटरसायकलची निळी दोरी सोडली, नीट गुंडाळली आणि शौनकच्या हातात दिली. त्याच्या हातात राईतला तुकडा होताच.

"हाही ने," दिलावर म्हणाला. "पुढच्या खेपेला मी एकटा येणार आहे."

त्या दिवशी यास्मिननं आमटीत मिरची घातलीच न्हाई.