जावयाने बसवलेले शॉकर

माझ्या वडिलांना घरात सगळे नाना म्हणतात. गेल्या वर्षी दिवाळीची साफसफाई करताना ते पुस्तकांची पेटी उचलायला वाकले आणि तिथेच जमिनीवर बसले. पाठीचा एक मणका दबला होता. ऑपरेशन लागणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कमरेला पट्टा बांधायचा आणि आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी घ्यायची. एक गोष्ट मात्र त्यांनी दोनदा बजावली: पाठीला धक्के बसू देऊ नका.

नाना छत्रीबागेत एकटे राहतात. आई गेल्यापासून आमच्याकडे चला म्हणून मी सांगून थकले, पण त्यांना गल्ली सोडायची नाही. फिजिओथेरपीचा दवाखाना तुकोगंजात, नदीच्या पुलापलीकडे. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात कचऱ्याची गाडी घड्याळ लावून येते, पण ड्रेनेजसाठी खोदलेला रस्ता पुन्हा नीट कधी होईल ते कुणी सांगू शकत नाही. त्या रस्त्याने मी नानांना आमच्या जुन्या गाडीतून न्यायला लागले. गाडीचे शॉकर, म्हणजे धक्के झेलणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, पार गेलेले. सीट इतकी खाली की नानांना बाहेर काढताना त्यांच्या काखेत हात घालावा लागे. प्रत्येक गतिरोधकावर ते डोळे मिटून घेत.

दुसऱ्या कुणी कंपनीचे साधे नवे शॉकर बसवले असते आणि विषय संपवला असता. पण माझा नवरा पीथमपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, आणि गाडीचा विषय निघाला की त्याला साधं काही सुचत नाही.

"अ‍ॅडजस्टेबल बसवू," तो म्हणाला. "नानांसाठी गाडी उंच करता येईल, चढायला-उतरायला सोपं. वर नॉब असतो, तो फिरवला की राइड मऊ. मला हायवेला न्यायची असेल तेव्हा खाली घ्यायची, कडक करायची."

"तू तर कंपनीच्या बसने जातोस. हायवेला कधी न्यायची?"

"न्यायची झाली तर."

कल्पना वाईट नव्हती, हे मी कबूल करते. भांडण सुरू झालं ते पुढे. बाजारात असे सेट दोन प्रकारचे होते. एक नावाजलेला, मागवावा लागणारा, आणि दुसरा त्याच्या पाव किमतीत मिळणारा. दिसायला दोन्ही सारखेच. दोन्हींना चकचकीत स्प्रिंग, उंची बदलायला रिंग आणि वर नॉब. दिवसभर लोकांचे पार्ट नापास करणाऱ्या माझ्या नवऱ्याचं म्हणणं पडलं की स्वस्तातला घ्यावा.

"मी रोज बघतो ना," तो म्हणाला. "एकाच कारखान्यातून माल निघतो आणि दोन डब्यांत जातो. लोक डब्याचे पैसे देतात."

"मग तुला पगार कशाचा देतात?"

यावर तो हसला. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

शेवटी आम्ही दोघं गॅरेजवाल्याकडे गेलो. म्हटलं, हा रोज हेच काम करतो, निदान हा तरी स्पष्ट सांगेल. त्याने दोन्ही सेटचे फोटो मोबाइलवर मोठे करून पाहिले.

"भाभीजी, दोनों अच्छे हैं. एक अच्छा है, एक बहुत अच्छा है."

"आपकी गाडी होती तो कौनसा लगाते?"

"मेरे पास तो बाइक है."

नवऱ्याने लगेच विचारलं, "पर भिया, सस्ता वाला चलेगा ना?"

"अरे भिया, चलने को तो सब चलता है."

एवढं नवऱ्याला पुरलं. घरी येताना वाटेत त्याने मोबाइलवरून स्वस्त सेट मागवूनही टाकला. मी गाडी चालवत होते म्हणून मला त्याचा हात धरता आला नाही.

सेट आला, गॅरेजात बसला, गाडी उंच झाली. नानांना पहिल्यांदा बसवलं तेव्हा ते खुर्चीत बसावं तसे सहज बसले आणि त्यांचा चेहरा उजळला. नवरा मुद्दाम सुट्टी काढून आला होता. पूल ओलांडून पुढचे दोन-तीन खड्डे पार पडले आणि मी मनात म्हटलं, आता नवऱ्याचं 'बघ, मी म्हटलं होतं' ऐकून घ्यावं लागणार. मग खोदलेला पट्टा आला. गाडी खड्ड्यात शिरताना ठीक होती. बाहेर निघताना मात्र खालून खट् असा आवाज येई आणि तो झटका सरळ पाठीच्या कण्यातून डोक्यात जाई. माझा कणा धड आहे, तरी मला तो जाणवला.

"नाना, कसं वाटतंय?" नवऱ्याने मागे वळून विचारलं. "दहापैकी किती द्याल?"

"आठ," नाना म्हणाले.

"बघ," नवरा मला म्हणाला.

त्यानंतर प्रकरण हाताबाहेर गेलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो गाडीखाली आडवा असे. रिंग फिरवण्याचा पाना हातात घेऊन तो घामाने भिजलेला, आणि मी वर स्वयंपाकघरात एकटी चडफडत. कधी बॉनेट उघडून पुढचे नॉब फिरव, कधी डिकीतला गालिचा उचलून मागचे. मग छत्रीबागेत जाऊन नानांना एक चक्कर मारून आणायची आणि मार्क विचारायचे. नाना दर वेळी आठ देत. एकदा मोठ्या मनाने साडेआठ दिले. मागचा एक नॉब कितीही फिरवला तरी काहीच फरक पडत नव्हता, हे मी स्वतः फिरवून पाहिलं आणि सांगितलंही.

"मला खटखट ऐकू येते," मी म्हणाले. "झटका बसतो."

"तुला हा सेट पहिल्यापासून नको होता. तुझं मत न्यूट्रल नाही. ज्यांची पाठ दुखते ते आठ म्हणतायत."

मी नानांनाही एकट्याला गाठून विचारलं. ते म्हणाले, "छान आहे गं बेटा, पहिल्यापेक्षा बरंच छान." पहिल्यापेक्षा म्हणजे मेलेल्या शॉकरपेक्षा. मी पुढे खोदून विचारलं नाही, कारण कॉलेजला उशीर होत होता. मी कॉलेजच्या प्रवेश विभागात काम करते. नानांना दवाखान्यातून परत घरी सोडून कॉलेजला पोचेपर्यंत रोज साहेबांच्या कपाळावरची आठी ठरलेली.

मग प्रवेशाचे दिवस सुरू झाले आणि मला सकाळी निघणंच अवघड होऊन बसलं. नाना स्वतःहून म्हणाले, "तू ये-जा करू नकोस. शेजारचा मुलगा त्या बाजूला नोकरीला जातो, तो सोडेल मला. येताना रिक्षा करीन." मला इतकं हायसं वाटलं की मी जास्त चौकशी केली नाही. मी अधूनमधून फोनवर विचारायचे, गेला होतात का? ते म्हणायचे, हो. कधी म्हणायचे, आज डॉक्टरच आले नव्हते.

एका दुपारी बँकेच्या कामासाठी तुकोगंजात गेले होते. म्हटलं, जाता जाता दवाखान्यात पुढच्या महिन्याची वेळ ठरवून घ्यावी. काउंटरवरच्या मुलीने मला ओळखलं.

"अंकलजी को आराम हो गया क्या? अब तो आते ही नहीं."

"कब से?"

तिने कंप्युटरमध्ये पाहिलं आणि सांगितलं. मी न्यायचं थांबवलं, जवळजवळ त्याच आठवड्यापासून ते गेले नव्हते.

माझ्या अंगाची लाही झाली. नवऱ्याला फोन केला आणि संध्याकाळी पीथमपूरहून परस्पर छत्रीबागेत यायला सांगितलं. का, ते सांगितलं नाही. तो आला तेव्हा मी नानांसमोर बसले होते आणि नाना चहाच्या कपाकडे बघत होते.

"हे दवाखान्यात जातच नाहीत," मी म्हणाले. "शेजारचा मुलगा सोडत नाही, डॉक्टरही कधी गैरहजर नव्हते. सगळं खोटं."

नवरा खुर्ची ओढून बसला. "का हो नाना?"

नानांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "जाऊन आलं की दुखणं वाढायचं. तिथे बरं वाटायचं, पण येताना परत तेच. मग म्हटलं, घरीच पडून राहिलेलं बरं. पण दवाखान्यात जाणं बंद करतो म्हणालो असतो तर हिने कारण विचारलं असतं."

"येताना म्हणजे गाडीतून?"

नानांनी मान हलवली.

"मग तुम्ही आठ का देत होतात?"

"मी तीस वर्षं शाळेत शिकवलंय," नाना म्हणाले. "समोरच्याने एवढी मेहनत केली असली की हात आखडत नाही. तुम्ही सुट्टीच्या दिवशी त्या गाडीखाली आडवे पडायचात. माझ्यासाठी. हिची आई गेल्यानंतर माझ्यासाठी एवढं कुणी खपलेलं आठवत नाही मला. आणि जावयाला नापास कसं करायचं?"

ते अगदी मनापासून बोलले. नवऱ्याचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. माझेही भरून यायला हवे होते. पण मी इतके महिने आठवड्यातून तीनदा साहेबांची बोलणी खाऊन याच माणसाला काखेत हात घालून गाडीतून उतरवत होते, ते खपणं त्यांना आठवत नव्हतं. मुलीचं काम ते. जावयाने चार नॉब फिरवले की ती माया. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना ओटा पुसत बसले.

आतून मला ऐकू आलं, नवरा म्हणत होता, "नाना, मला खरं सांगायला हवं होतंत हो. मी वाईट वाटून घेतलं नसतं." मग जरा थांबून, "म्हणजे, घेतलं असतं. पण शॉकर बदलले असते."

नंतर नाना आत आले. ओट्याला टेकून उभे राहिले. "तुझंही चुकलंच नाही का जरा?" म्हणाले. मी वळून पाहिलं. "तू विचारायचीस तेव्हा तुझी एक नजर घड्याळावर असायची. तुला आणखी एक काम कुठे सांगू, असं व्हायचं मला." माझा राग गेला नव्हता. मी त्यांना बसायला स्टूल दिलं.

त्यानंतर नवऱ्याने जे आधी करायला हवं होतं ते केलं. नीट वाचलं, कारखान्यातल्या जाणत्या लोकांना विचारलं. एके दिवशी जेवताना मला समजावून सांगायला लागला. स्वस्त सेटमध्ये गाडी उंच करायची म्हणजे रिंग फिरवून स्प्रिंगच आवळायची. आवळलेल्या स्प्रिंगला वर-खाली व्हायला मोकळीक राहत नाही, म्हणून चाक खड्ड्यातून निघताना खट् असा झटका बसतो. चांगल्या सेटमध्ये उंची खालच्या बाजूने वेगळी वाढवतात, स्प्रिंगला धक्का लागत नाही. म्हणजे नानांच्या सोयीसाठी तो गाडी जितकी उंच करत गेला, तितकी त्यांची पाठ जास्त हादरत गेली.

"म्हणजे डबा वेगळा आणि आतला मालही वेगळा," मी म्हणाले.

"पार्टमध्ये दोष नाही तसा," तो म्हणाला. "डिझाइनचा प्रश्न आहे."

मी पोळी वाढली आणि गप्प बसले. लग्नाला वीस वर्षं झाली की कुठे गप्प बसायचं ते कळतं. कळल्याचा आनंद मात्र होत नाही.

चांगला सेट मागवला. तो यायला बरेच दिवस लागले, आणि तोवर मी नानांना भाड्याच्या मोठ्या टॅक्सीतून दवाखान्यात नेत राहिले. सेट बसवताना गॅरेजवाला म्हणाला, "मैंने तो पहले ही बोला था भाभीजी, ये बहुत अच्छा है." जुना काढलेला सेट हातात घेतला तर मागच्या एका शॉकरमधून तेल गळून सगळी माती चिकटलेली होती.

नव्या सेटवर नानांना पहिल्यांदा बसवलं तेव्हा मी गाडी चालवत होते आणि नवरा शेजारी होता. मी घड्याळ काढून पर्समध्ये ठेवलं होतं. पूल झाला, खोदलेला पट्टा आला. गाडी आत गेली, बाहेर आली, खालून फक्त दबका धप् असा आवाज. कुणी काही विचारलं नाही. नानाच म्हणाले, "मागे डाव्या बाजूला जरा कडक वाटतंय." नवऱ्याने तिथेच गाडी बाजूला घ्यायला लावली, डिकी उघडली आणि नॉब फिरवला. या वेळी फरक पडला. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना मीच हात जोडले.

नानांची पाठ सावकाश सुधारली. पावसाळ्याच्या शेवटी पट्टा सुटला. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो पाहिला आणि आता महिन्यातून एकदा दाखवायला या, बाकी व्यायाम घरीच करा, असं सांगितलं. ही बातमी मी घरी सांगितली तेव्हा नवरा टीव्हीसमोर बसला होता. त्याला आनंद झाला, खरंच झाला. मग त्याच्या कपाळावर एक आठी आली.

"महिन्यातून एकदाच?" तो म्हणाला. "एवढे चांगले शॉकर बसवलेत. मग गाडी थोडी खाली घेऊ का? हायवेला न्यायची झाली तर."

मी गाडीची किल्ली उचलली आणि भाजी आणायला निघाले.