बदलून मिळालेली हार्ड डिस्क

"एकशेसाठ जीबीचाच लॅपटॉप द्या, आणि बिलावर सीरियल नंबर लिहा," मी दुकानदाराला बजावले. माझे कारकून गावित यांची मुलगी यमुना वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. करण्यासाठी पुण्याला निघाली होती. २००६ साल असावे. ग्राहक मंचातील वकिलीत माझे अर्धे आयुष्य फसव्या वॉरंट्यांवर खर्ची पडले होते, म्हणून ही खरेदी गावितांनी माझ्यावर सोपवली होती.

यमुनाचे म्हणणे वेगळे होते. "वकीलकाका, आत ऐंशी जीबी पुरे. त्याऐवजी बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घेऊ. लॅपटॉप बिघडला तरी फोटोंची प्रत तिच्यात राहील."

"तिच्यावर वॉरंटी किती?"

"एक वर्ष."

"आणि लॅपटॉपवर तीन. एक वस्तू, एक बिल, एक जबाबदार पक्ष. भांडायला सोपे जाते."

"साहेब सांगतात तर बरोबरच असंल," गावित म्हणाले. "कायद्यातलं त्यांना लय कळतं."

एकशेसाठ जीबीचा लॅपटॉप घेतला; बाहेरची डिस्क राहिली.

तिचा विषय होता सुरगाण्याकडील जुन्या भातजाती. खरिपात ती गावी जाई, फुलोऱ्यातील लोंब्यांचे दररोज फोटो काढी, ते लॅपटॉपमध्ये उतरवी आणि दुसऱ्या दिवसासाठी कॅमेऱ्याचे कार्ड रिकामे करी. असे दोन हंगाम झाले. प्रबंध लिहायला बसली आणि लॅपटॉपमधली हार्ड डिस्क टकटक वाजून बंद पडली.

गावितांनी मला हे सांगितले तेव्हा मी कंपनीला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकले. मग कोणीतरी "रिस्टार्ट करून बघा" असे सुचवले. माझे डोके फिरले. त्याच दुपारी फॅक्सने नोटीस गेली: 'सदोष हार्ड डिस्क चोवीस तासांच्या आत, कोणतीही सबब न सांगता, बदलून द्यावी.' नोटीस उत्तम उतरली होती. मी ती गावितांना वाचूनही दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा इंजिनिअर नवी डिस्क घेऊन यमुनाच्या हॉस्टेलवर हजर. इतकी तत्परता मी उभ्या वकिलीत पाहिली नव्हती.

"जुनी माझ्याकडे राहू द्या," यमुना त्याला म्हणाली. "आमचे सर म्हणतात, मुंबईला लॅब आहे. बिघडलेल्या डिस्कमधूनही फोटो काढून देतात."

त्याने माझा फॅक्स पुढे धरला. "मॅडम, चोवीस तास तुमच्याच वकिलांनी लिहिलेत. नवी पाहिजे तर जुनी जमा करायची. नसेल द्यायची, तर नकार दिला म्हणून लिहून द्या."

वकीलकाका चिडतील, म्हणून तिने जुनी डिस्क जमा करून सही केली.

हे कळताच जुनी डिस्क परत मागायला मी पुण्याचे सर्व्हिस सेंटर गाठले. मॅनेजर खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "साहेब, शर्ती वाचा. काढलेला भाग कंपनीच्या मालकीचा. तो कालच डेपोला गेला. तिथे नष्ट करतात."

"त्यात एका मुलीचे दोन वर्षांचे काम आहे!"

"मग आधी कॉपी ठेवायची होती ना!"

मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत ते कलम खरोखरच होते. मुदतीचे कलम मी तीनदा वाचले होते. हे एकदाही नाही. पुढे मी चौदा पत्रे लिहिली. एकालाही धड उत्तर आले नाही. अखेर मंचात तक्रार केली. कंपनीच्या वकिलाने बचावात एकच कागद दाखल केला: माझी नोटीस. अध्यक्षांनी ती वाचून मला विचारले, "तक्रारदाराने जे मागितले, ते मुदतीत मिळाले ना?"

तक्रार फेटाळली गेली. यमुनाला आणखी एक खरीप शेतात उभे राहावे लागले. बरोबरीच्या मुली नोकरीला लागल्या, तिची पदवी एका वर्षाने लांबली. त्या हंगामाला ती निघाली तेव्हा गावित माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "साहेब, या टायमाला तिला बाहेरच्या दोन डिस्क घेऊन दिल्या. तुम्हाला इचारलं नाय."

त्या मॅनेजरचा संताप मला आजही येतो. माझ्या त्या नोटिशीचा अधिक येतो. वॉरंटी रिकाम्या डिस्कची असते, आतल्या मजकुराची नसते. आणि नोटीस धाडण्यापूर्वी अशिलाला नेमके काय परत हवे आहे, हे त्याला विचारून घ्यावे.